चित्रं बुडवणारा माणूस? आबालाल रहिमान यांची गोष्ट

गडमुडशिंगीतून बोलतोय. मध्येच घरघर ऐकू आली तर समजून घ्या, उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच आहे.

आमच्याकडून उचगावमार्गे कोल्हापुरात गेलं की शाहू मिलजवळ कोटीतीर्थ तलाव आहे. लहानपणी तिथून जाताना मामा दरवेळी सांगायचा, "ह्या तळ्यात एका चित्रकारानं आपली हजारो चित्रं बुडवली." मामा स्वतः दुकानांच्या पाट्या रंगवायचा. डिजिटल फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश माळ्यावर गेले. त्यामुळं ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज जरा जड व्हायचा.

तो चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान. माझ्यासाठी त्यांची ओळख एवढीच होती, चित्रं बुडवणारा माणूस. पण बुडवण्याआधी त्यांनी काढलं काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आजचा भाग त्यावर.

आबालाल यांचा जन्म १८६०च्या आसपासचा, कोल्हापूरचा. १८८०च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथलं शिक्षण ब्रिटिश पद्धतीचं. समोर पुतळा किंवा माणूस बसवायचा आणि छायाप्रकाश, प्रमाण सगळं अचूक उतरवायचं. यात आबालाल इतके तयार झाले की १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

आता विचार करा. हातात असं पदक, आणि मुंबईत श्रीमंतांची पोर्ट्रेट काढून घर चालवणं सहज शक्य. पण हा माणूस कोल्हापूरला परत आला आणि कोटीतीर्थाच्या काठी राहिला. पुढं राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला.

खरा बदल इथं झाला. जे. जे.मध्ये त्यांनी वस्तू हुबेहूब काढायला शिकलं होतं. काठावर राहून ते वस्तूवर पडणारा उजेड काढायला लागले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर, तीच ती ठिकाणं. पण सकाळचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं. रंकाळ्यातला संध्यामठ तुम्ही पाहिलाच असेल, पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. तोही त्यांनी रंगवला. साधारण त्याच काळात, १८९०च्या दशकात, फ्रान्समध्ये क्लोद मोने एकाच चर्चची दर्शनी भिंत वेगवेगळ्या उजेडात तीसहून जास्त वेळा रंगवत होता. त्याचं नाव जगभर झालं. आपले आबालाल मात्र तळ्यातल्या गोष्टीपुरते उरले.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी चित्रं कोटीतीर्थात सोडली, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले.

पण त्यांनी दाखवलेली वाट बुडाली नाही. कोल्हापुरातच राहून, कोल्हापूरच रंगवून मोठं चित्रकार होता येतं, हे त्यांच्यामुळं पुढच्यांना दिसलं. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर ही सगळी नंतरची मंडळी. त्यातल्या बाबूरावांनी तर पुढं कॅमेरा हातात घेतला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट आणला. या गावाला कलापूर म्हणतात ते उगाच नाही.

गेल्या महिन्यात मामाला घेऊन टाऊन हॉल संग्रहालयात गेलो. आबालाल यांच्या चित्रापुढं तो बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कुठं घाई न्हाई केलेली बघ." घरी आल्यावर माळ्यावरचा ब्रशचा डबा त्यानं खाली काढला. ब्रश कडक झालेत, पण टाकले नाहीत त्यानं.

तुम्हीही एक करा. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी कोटीतीर्थाला जा, एकाच जागेवरून फोनवर फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आबालाल कशाच्या मागं लागले होते, ते थोडं तरी कळेल. फोटो मला पाठवा. भेटू पुढच्या भागात!