नाशिकच्या लेखवह्या आणि संशोधकाचीं टिपणें

नाशिक क्षेत्रीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं ज्या लेखवह्या आहेत, त्यांचा उपयोग वंशावळी जुळविण्याकडे पुष्कळ झाला आहे; परंतु त्यांच्या मांडणीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. यजमान आला म्हणजे उपाध्याय त्याचें आडनांव व मूळ गांव विचारतो आणि तेवढ्यावरून नेमकी वही काढून पूर्वजांचा लेख पुढें ठेवितो. नुसतें जोशी म्हटल्यानें कार्य होत नाहीं. कोठचे जोशी, हें कळावें लागतें. जीर्ण वहींतील लेख नव्या वहींत उतरवून घेण्याचीही वहिवाट आहे. जुन्या लेखाची मोडी जाणणारा मनुष्य मिळाला कीं वही बोलूं लागते. ती ज्यानें बांधली त्याची अनुज्ञा लागत नाहीं.

हा विषय काढण्याचें कारण असें कीं, टिपणें, संदर्भ व हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर ठेवण्याचा प्रघात आतां पडला आहे, व त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ पासून डॉ. कत्रे यांनीं संस्कृत कोशासाठीं चिठ्ठ्या जमविण्यास आरंभ केला. सुमारें दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या, आणि कोशाचा पहिला खंड १९७६ त निघूं लागला. चिठ्ठी लिहिणारे बहुतेक गेले, तरी चिठ्ठी वाचतां येते. संगणकावरील टिपणास हीच कसोटी लावावी.

ती कसोटी सर्वांस उतरत नाहीं. मेंडेली नांवाचें सॉफ्टवेअर २०१३ त एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेनें घेतलें. २०१८ त वापरणाऱ्याच्याच यंत्रावरील माहिती अशा गूढ संकेतांत ठेवण्यांत आली कीं दुसऱ्या सॉफ्टवेअरास ती थेट वाचतां येईना. २०२२ त त्याची जुनी संगणकावरील आवृत्ति नव्यानें उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. झोटेरो हें २००६ पासून चालू असून त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे, आणि त्यांतील नोंदी साध्या मजकुराच्या रूपानें बाहेर काढतां येतात. आमचा कल त्याकडेच आहे. तथापि त्याच्यावरही आंधळा विश्वास टाकूं नये. दर वर्षप्रतिपदेस सर्व नोंदी साध्या मजकुरांत काढून दोन ठिकाणीं ठेवाव्या व एक प्रत कागदावर छापून घ्यावी. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन संग्रहाची जी नासधूस झाली, ती ज्यांस आठवते त्यांस दोन ठिकाणें कां, हें सांगणें नको.

मराठी संशोधकाच्या अडचणी आणखी निराळ्या आहेत. १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ याद्या अशा टंकांत लिहिल्या गेल्या कीं त्यांतील देवनागरी हें रोमन अक्षरांच्या संकेतांवर चढविलेलें सोंग होतें. टंक नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या म्हणजे रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. असा मजकूर युनिकोडांत आणून घेण्याचें काम जाणकार हयात आहेत तोंच करावें. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडांत स्थान आहे.

कालनिर्देशाचें तसेंच. सॉफ्टवेअरांतील तारखेचा रकाना इसवी सनासाठीं केलेला असतो. शके १६९६ जयनाम संवत्सरांतील माघ महिन्याचा कागद ७८ मिळवून १७७४ त घातला, तर तो एक वर्ष मागें पडतो. तो १७७५ चा होय. म्हणून मूळ मिति टिपणाच्या भागांत अक्षरशः उतरावी, व इसवी सन आपला अजमास म्हणून निराळा लिहावा. छायाचित्रांस कॅमेऱ्यानें दिलेला आंकडा तसाच ठेवूं नये. दप्तर, रुमाल व कागद यांचे क्रमांक नांवांतच असावेत, व लेखवही असल्यास आडनांव आणि गांव.

लेखवहीसंबंधीं आणखी एक गोष्ट. ती उपाध्यायाच्या वृत्तीचें साधन आहे. छायाचित्र घेऊं दिलें म्हणजे तें जगास वांटण्याची संमति दिली असें होत नाहीं. आणि सॉफ्टवेअरें बहुधा नोंदी दूरच्या यंत्रावर आपोआप पाठविण्याची सोय देतात. वहीचीं पानें घेतांना ती सोय बंद ठेवावी, व घरधन्याशीं काय ठरलें तें त्याच नोंदींत, मितीसह, लिहून ठेवावें.