लेंटिनन

शिताके (लेंटिन्युला एडोडीस) या खाद्य अळंबीपासून शुद्ध रूपात वेगळी काढलेली बहुशर्करा. जपानमध्ये जठराच्या कर्करोगावर, केमोथेरपीला पूरक म्हणून, ती इंजेक्शनवाटे दिली गेली. अळंब्यांतील अर्बुदरोधी द्रव्यांपैकी जी प्रयोगशाळेतून थेट रुग्णालयापर्यंत पोचली, अशा मोजक्यांत तिची गणना होते.

1969 साली टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील गोरो चिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी तेत्सुरो इकेकावा यांच्या गटानेही अनेक खाद्य अळंब्यांच्या पाण्यातील अर्काची अर्बुदरोधी क्रिया नोंदवली. चिहारांनी उंदरांच्या शरीरात सार्कोमा-180 या अर्बुदाच्या पेशी टोचल्या आणि नंतर दर किलो वजनामागे 1 मिलिग्रॅम लेंटिनन रोज, असे दहा दिवस दिले. बहुतेक उंदरांच्या गाठी विरून गेल्या. मात्र रोगप्रतिकारक टी-पेशी जिथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांत हा गुण दिसेना, असे 1971 मध्ये आढळले. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच. लेंटिनन कर्कपेशींना स्वतः मारत नाही, शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला कामाला लावते, हे त्यातून उलगडले.

रचनेने ती बीटा-ग्लुकान आहे. ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी 1,3 बंधांनी जोडलेली असते, आणि मुख्य साखळीतील दर पाच रेणूंमागे 1,6 बंधाच्या दोन फांद्या फुटतात. अशा तीन साखळ्यांचा एकत्र पीळ बसतो. मानवी शरीर बीटा-ग्लुकान तयार करत नाही. त्यामुळे महाभक्षी पेशींवरील डेक्टिन-1 सारखे ग्राही ते कवकाचे म्हणून ओळखतात. या पेशी चेतल्या की सायटोकाइन द्रव्ये स्रवतात आणि पुढे टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशीही सक्रिय होतात.

जपानने 1985 मध्ये, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या जठराच्या कर्करोगासाठी, तेगाफूर या औषधाच्या जोडीने तिला मान्यता दिली. नेहमीची मात्रा आठवड्याला 2 मिलिग्रॅम, शिरेतून. सुरुवातीच्या लहान चाचण्यांतून आशा वाढली, पण एस-1 या नव्या औषधाबरोबर घेतलेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत लेंटिनन जोडल्याने रुग्णांचे आयुष्य लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. उंदरात टोचलेली गाठ आणि माणसात वर्षानुवर्षे वाढलेला कर्करोग यांत मोठे अंतर आहे.

ताटातली अळंबी आणि हे इंजेक्शन यांची गल्लत करू नये. लेंटिननचा रेणू प्रचंड मोठा असल्याने तोंडावाटे घेतल्यावर तो जसाच्या तसा रक्तात फारसा उतरत नाही. शिवाय शेकडो किलो ताज्या शिताकेतून शुद्ध लेंटिनन मिळते ते अगदी थोडेच. बाजारात मिळणारी अळंबीची भुकटी किंवा गोळ्या कर्करोगावरचे औषध म्हणून विकल्या जातात, तेव्हा त्यामागे या इंजेक्शनाचा पुरावा उभा नसतो. त्यांच्या भरवशावर उपचार थांबवणाऱ्याचे नुकसान भरून येत नाही. भारतात अधिक परिचित असलेल्या धिंगरीतही प्लूरान नावाचे बीटा-ग्लुकान असते. तिलाही हेच लागू आहे.

कच्ची वा अर्धवट शिजलेली शिताके खाल्ल्यावर काहींच्या पाठीवर व हातापायांवर चाबकाच्या वळांसारखे लाल, खाजरे पट्टे उमटतात. या त्वचादाहाचे वर्णन जपानमध्ये 1977 साली प्रथम झाले आणि त्याचा ठपकाही लेंटिननवरच ठेवला जातो. अळंबी पूर्ण शिजवली की हा त्रास सहसा होत नाही.