ऊमै विळिगळ

तमिळ गुन्हेगारी रहस्यपट, १९८६. नावाचा अर्थ ‘मुके डोळे’. लेखक-निर्माते आबावाणन, दिग्दर्शक आर. अरविंदराज. दोघेही मद्रासच्या शासकीय चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी. तरमणीला असलेली ही संस्था ‘अड्यार फिल्म इन्स्टिट्यूट’ म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे. ‘विद्यार्थ्यांचा चित्रपट’ हे बिरुद या चित्रपटाला कौतुकाने लावले जाते, पण त्यात नवशिक्यांना नशिबाने हात दिला असा सूर असतो. तो अन्यायाचा आहे. हे यश शिक्षणाचे आहे आणि त्याचा पुरावा पडद्यावरच आहे. कथा तशी साधी: एका सहलस्थळाच्या परिसरात तरुणी बेपत्ता होतात, ‘दिनमुरसु’ या दैनिकाची माणसे माग काढतात आणि सत्ता त्यांच्यावर उलटते. भीती मात्र कथेत नाही, मांडणीत आहे. सिनेमास्कोपची रुंद चौकट तेव्हा भव्यतेसाठी वापरली जाई. इथे ती रिकामेपणासाठी वापरली आहे. निर्जन रस्ता, अंधार आणि कडेला एकटा जीव. चौकटीतली मोकळी जागाच अंगावर येते. हे अपघाताने साधत नाही.

यावर आक्षेप असा की विजयकांत, जयशंकर, कार्तिक, सरिता अशी नावे असताना विद्यार्थ्यांचे श्रेय ते काय? पण नटांची निवडच पाहा. ‘कादलिक्क नेरमिल्लै’चा (१९६४) हसरा नायक रविचंद्रन इथे खलनायक आहे, तर गुप्तहेरपटांत गाजलेला जयशंकर चिरडला जाणारा संपादक. प्रेक्षकाच्या जुन्या जिव्हाळ्याचाच धक्क्यासाठी असा उपयोग करायला अभ्यासू नजर लागते. गाणी आणि भावनाट्य नेहमीच्या साच्यातली आहेत, हा दुसरा आक्षेप खरा आहे. मध्यंतराच्या आसपास चित्रपट त्यामुळे रेंगाळतोही. मात्र संगीतात इळैयराजांचाच दबदबा असलेल्या त्या काळात संगीत मनोज-ग्यान यांच्याकडे सोपवणे हाही स्वतंत्र निर्णयच होता.

मराठी वाचकाला इथे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) हा चित्रपट आठवेल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून तो केला आणि धंद्याच्या चौकटीबाहेरची वाट धरली. मद्रासची मुले धंद्याच्या मधोमध शिरली, तीही प्रशिक्षणाच्याच बळावर. शिक्षण म्हणजे समांतर सिनेमा हे समीकरण त्यामुळे टिकत नाही. नशीब एकदाच साथ देते म्हणावे, तर विजयकांतसाठीच आबावाणन यांनी पुढे ‘उळवन मगन’ (१९८७) आणि ‘सेंदूरप्पूवे’ (१९८८) लिहिले. पहिल्याचे दिग्दर्शन पुन्हा अरविंदराज यांचेच होते.