अभयवचनाची कसोटी : क्रॉफर्ड प्रकरण

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला जुनी माणसे अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ज्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड साहेबांचे नाव त्या इमारतीस मिळाले, ते १८६५ साली मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कर्तबगार, हिकमती आणि धडाडीचा. शहराची घाण काढणारा आणि मंडई बांधणारा म्हणून त्यांची कीर्ती झाली. तशीच सढळ हाताने पैसा उधळणारा म्हणून ओरडही झाली, आणि १८७१ साली करदात्यांच्या चळवळीनंतर त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे हेच साहेब पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर होऊन बसले. सतरा वर्षांनी जे प्रकरण त्यांच्या नावाने गाजले, त्याचाच विचार आज आपल्याला करावयाचा आहे. कारण सत्ताधाऱ्याच्या पापाची वाच्यता कोण करतो आणि केल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न त्या प्रकरणाने जितका उघडा केला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

कमिशनराच्या हाती त्या काळी केवढी सत्ता होती हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मामलतदार हा तालुक्याचा धनी. सारावसुली त्याची आणि फौजदारी न्यायही त्याचाच. पण त्या धन्याची नेमणूक, बढती आणि बदली कमिशनराच्या मर्जीवर. क्रॉफर्ड साहेब कर्जात बुडालेले होते. त्यांच्या वतीने मध्यस्थ हिंडत, आणि त्यांतला प्रमुख हणमंतराव राघवेंद्र. कुणी बढतीसाठी पैसे दिले, तर कुणी गैरसोयीची बदली टळावी म्हणून दिले, असे आरोप पुढे झाले. कुजबुज वर्षानुवर्षे होती. पण कुजबुजीने कोणाला शिक्षा होत नाही.

वर्तमानपत्रांनी तोंड का उघडले नाही, असे विचारणे सोपे आहे. पण १८८२ सालची आठवण सर्वांना ताजी होती. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ चालला आहे, अशा बुद्धीने 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. ज्या पत्रांच्या आधारावर ती उठविली ती न्यायालयात बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, पण हाती आलेला कागद खोटा होता. संपादकाची लेखणी कितीही तिखट असो, आतली गोष्ट ठाऊक असलेला आणि ती शपथेवर सांगण्यास तयार असलेला मनुष्य पाठीशी नसेल, तर ती लेखणी धन्यावरच उलटते. हा धडा त्या पिढीने महागात घेतला होता.

१८८८ साली लॉर्ड रे हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी चौकशीस हात घातला तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच पडला. लाच घेणारा बोलणार नाही आणि मध्यस्थ बोलणार नाही. उरले लाच देणारे मामलतदार. ते बोलले तर स्वतःच गुन्हेगार ठरतात. तेव्हा सरकारने वचन दिले : खरे सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाही, तुमची नोकरीही जाणार नाही. त्या वचनावर मामलतदार पुढे आले. हणमंतरावास शिक्षा झाली. क्रॉफर्ड साहेब तर वेष पालटून पुण्याहून निसटले व मुंबईस पकडले गेले. नंतर कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचे कमिशन पुण्यात बसले.

निकाल ऐकून अनेकांना धक्का बसला. लाचलुचपतीचा आरोप शाबीत नाही, पण हाताखालच्या माणसांकडून पैसे कर्जाऊ घेतल्याचा दोष आहे, असे कमिशनने ठरविले. लाच देणाऱ्याचा पुरावा हा कायद्याच्या भाषेत साथीदाराचा पुरावा. तो सावधगिरीने घ्यावा हा जुना दंडक आहे आणि तो चुकीचाही नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, ज्या व्यवहाराला दोनच साक्षीदार असतात, त्यातला एक आरोपी आणि दुसरा अविश्वसनीय ठरतो. अखेर भारतमंत्र्यांनी साहेबांना नोकरीतून काढले.

आता खरी गोष्ट सुरू झाली. ज्यांनी पैसे देऊन पद मिळविले ते न्यायाच्या आसनावर बसण्यास पात्र कसे, असा गिल्ला गोऱ्या लोकांच्या पत्रांनी केला, आणि विलायतेतही तोच सूर निघाला. मुंबई सरकारने दिलेले वचन कायद्याला धरून नाही, असे कायदेपंडितांचे मत पडले. १८८९ साली साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा हिंदुस्थान सरकारने केला खरा, पण कित्येक मामलतदारांची नोकरी त्याने वाचली नाही. साहेब गेले आणि त्यांच्याविरुद्ध बोलणारेही गेले.

टिळकांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. मामलतदार निष्कलंक होते असे दाखविण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांचा मुद्दा एवढाच की, सरकारने शब्द देऊन माणसांकडून सत्य काढून घेतले, तेव्हा तो शब्द पाळलाच पाहिजे. 'केसरी'तून त्यांनी ही बाजू लावून धरली. १८८९ साली पुण्यास जाहीर सभा झाली, विलायतेत विल्यम डिग्बी यांच्याकडे हकीकत पोचविण्यात आली, आणि हे प्रकरण पार्लमेंटातही निघाले. मामलतदारांचे हात मळलेले होते, आणि तरीही त्यांची बाजू घेणे हेच लोकहिताचे होते. हे ओळखण्यास नीतीची बाळबोध समजूत पुरी पडत नाही. सत्तेच्या तळघरातून दिवा घेऊन बाहेर येणारा मनुष्य बहुधा त्याच तळघरात राहिलेला असतो. त्याच्या अंगाला काजळी लागलेली असणारच. निर्मळ साक्षीदाराचीच वाट पाहत बसलो, तर तळघर कधीच उजळायचे नाही.

हा पेच इंग्रजांबरोबर गेला असे कोणी समजू नये. १९८८ सालच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात, लाच दिल्याचे सांगणाऱ्यावर त्या जबानीवरून खटला होऊ नये असे कलम होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. त्या दुरुस्तीप्रमाणे, ज्याच्यावर लाच देण्याची सक्ती झाली त्याने सात दिवसांत कळविले तरच त्याची सुटका. सात दिवसांत धीर न झालेल्याने आयुष्यभर गप्प बसावे, असाच याचा अर्थ अनेकांना लागेल. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने हमरस्त्यांच्या कामातील गैरव्यवहार थेट पंतप्रधानांच्या कचेरीस लिहून कळविले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते नाव कचेऱ्यांतून फिरले. २००३ सालच्या नोव्हेंबरात गयेस त्यांचा खून झाला. तपासात तो लुटारूंचा उद्योग ठरला. पण नाव फुटले ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. अशा माणसांच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, आणि दहा वर्षे उलटून गेली तरी तो अमलात आला नव्हता.

वृत्तपत्र, न्यायालय आणि आतला माणूस हे तिघे मिळूनच सत्तेला जाब विचारू शकतात. पहिल्या दोघांची स्मारके होतात, तिसऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही. क्रॉफर्ड साहेबांचे नाव मंडईवर वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या मामलतदारांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? जो समाज बोलणाऱ्याला दिलेला शब्द मोडू देतो, त्याला पुढच्या वेळी खरे कोणी सांगावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार उरत नाही. सरकारे शब्द विसरतात, हा इतिहासाचा अनुभवच आहे. त्यांना त्याची आठवण देत राहणे हे मात्र तुमचे आमचे काम आहे.