लॅबला कुलूप लावण्याआधी थोडा इतिहास



भाच्याच्या शाळेच्या पालक ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चाललंय. नववीच्या काही पोरांनी कम्प्युटर लॅबमध्ये व्हीपीएन टाकून ब्लॉक केलेल्या गेमच्या साइट उघडल्या. कुणी म्हणतं पोरांना काढून टाका, कुणी म्हणतं पोलिसात द्या. बहुतेकांचं मत, वर्षभर लॅबलाच कुलूप लावा. म्हणून हे लिहितोय.

हे नवीन नाही. 1962, अमेरिकेतली एमआयटी. एकच मोठा कम्प्युटर, तो अनेकांनी वाटून वापरायचा; प्रत्येकाला पासवर्ड आणि ठरलेला वेळ. ॲलन शेर हा पीएचडीचा विद्यार्थी. त्याच्या वाट्याला आठवड्याचे चार तास, आणि ते पुरेनात. पठ्ठ्याने पंचकार्ड टाकून पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. कबुली दिली पंचवीसेक वर्षांनी.

आता आपल्याकडे या. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांचं कनेक्शन स्वस्त, पण त्यात नुसती अक्षरं दिसायची. चित्रांसकट नेट हवं तर कितीतरी पट पैसे. मग पोरांना स्लर्प नावाचा प्रोग्राम सापडला. तो व्हीएसएनएलच्याच मशीनवर चढवला की स्वस्तातल्या खात्यावर चित्रं हजर!

2007 मध्ये शेजारच्या पवईत आयआयटीने हॉस्टेलचं नेट रात्री 11 ते दुपारी साडेबारा बंद केलं. मुलं लेक्चरला येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, असं कारण दिलं. कारण उघड सांगितलं, म्हणून वादही उघड झाला.

त्याच सुमारास मी इथेच भांडुपला शाळेत होतो. लॅबमध्ये ऑर्कुट बंद. प्रॉक्सी साइटच्या पत्त्याची चिठ्ठी बाकाखालून फिरायची. फुकटची साइट, पण आपण टाइप करतो ते मधल्या माणसाला दिसतं, हे कुणाला ठाऊक? माझा पासवर्ड गेला. माझ्या नावाने वर्गातल्या मुलींना घाणेरडे स्क्रॅप गेले. सरांना सांगावं तर आपलीच चोरी उघडी पडणार. आठवडाभर गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भीती मला आजही आठवते.

खरा धोका हाच आहे. कुंपण पोरं ओलांडणारच. पलीकडे काही झालं तर घरी किंवा शाळेत सांगता आलं पाहिजे. 2000 चा आयटी कायदा आहे, तो पोरांना जरूर समजावा. फुकट व्हीपीएनवाला काय काय बघू शकतो, तेही दाखवा. शिक्षा द्यायचीच तर त्यांच्याकडूनच बाकीच्या वर्गाला हे शिकवून घ्या.

पण कुलूप नको. टेंभीपाडा, हनुमान नगरच्या कित्येक घरांत कम्प्युटर नाही, सगळ्यांत मिळून एक मोबाईल. त्या पोरांनी काय केलंय?

शनिवारी पालकसभा आहे. मी हेच बोलणार आहे. पटत असेल तर तुम्हीही या, आणि नसेल पटत तर नक्की या.