पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच (पु.) : एकाच पंगतीला बसलेल्यांना वाढताना केलेला दुजाभाव, त्यावरून, सारखाच हक्क असलेल्यांत वाटप करताना दाखवलेला पक्षपात. ‘करणे’ आणि ‘होणे’ या क्रियापदांबरोबर वापरतात. पंक्ती म्हणजे ओळ. प्रपंच म्हणजे मराठीत सहसा संसार. इथे मात्र विस्तार, नानात्व हा त्याचा संस्कृतातला अर्थ टिकून आहे.

शब्दाचे मूळ वाढपात आहे. पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सर्वांना सारखीच येते, तिथे कुणी कुणाचे पान पाहत नाही. खरी परीक्षा तुपाची आणि पक्वान्नाची. यजमानाच्या व्याह्यापुढे तुपाची धार लांबते, कोपऱ्यातल्या दूरच्या भाच्याला थेंबावर भागवावे लागते. जिलबीचे ताट काही पानांशी रेंगाळते, काहींपुढून सरळ निघून जाते. शेजारचे पान सगळ्यांनाच दिसत असल्याने हा अन्याय लपत नाही. वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पानावरही चिंता नाही, हे लोकांचे शहाणपण त्याचेच दुसरे टोक.

‘पक्षपात’ न्यायाधीशाचा असतो, पंचाचा असतो, परीक्षकाचाही असतो. पंक्तिप्रपंच मात्र ज्याच्या हाती पळी आहे त्याचाच. ‘सापत्नभाव’ या शब्दात नात्याची अढी असते, इथे तिची गरज नाही. वाढप्याचा नुसता आळस किंवा भिडस्तपणाही पुरतो. विहिणीच्या पंगतीचा थाट वेगळा असे, तरी त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हणत नसे, कारण ती पंगतच वेगळी.

या शब्दाची मर्यादाही इथेच आहे. पंगतीत बसलेल्यांपुरतीच त्याची नजर पोचते. जातीमुळे ज्यांना त्या ओळीत जागाच नव्हती, त्यांच्यावरचा अन्याय या शब्दाने कधी टिपला नाही. त्यासाठी ‘पंक्तिभेद’ हा निराळा शब्द आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या संदर्भात पंक्तिपावन ब्राह्मण कोण आणि पंक्तीला अयोग्य कोण याची लांबलचक यादीच येते. समाजसुधारकांनी हात घातला तो या दुसऱ्या दुखण्याला. 1849 च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिबंधन मोडून एकत्र खाणे होत असे, तेही गुप्तपणे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य (जातबहिष्काराचे प्रकरण) आले. विसाव्या शतकात रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडवली, तर अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची.

बुफे आल्यापासून पंगती विरळ झाल्या, शब्द मात्र वर्तमानपत्रांत स्थिरावला. ‘निधीवाटपात पंक्तिप्रपंच’, ‘पाणी सोडताना पंक्तिप्रपंच केला’ असे प्रयोग रूढ आहेत आणि ते योग्यही आहेत, कारण तिथे तालुके किंवा शेतकरी एकाच ओळीतले असतात. कुणाला यादीतूनच वगळले असेल, तर हा शब्द सौम्य पडतो. तिथे सरळ ‘अन्याय’ लिहावे. ‘पंक्ती’ शब्द एकटा आला की दीर्घ, पण समासात पूर्वपदाची वेलांटी ऱ्हस्व राहते. म्हणून ‘पंक्तीप्रपंच’ हे लेखन अशुद्ध होय.