किल्लीविना कुलूप

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, आमच्या घराच्या दाराची कडी निघाली. पिंपरीच्या कारखान्यात असलेला माझा धाकटा भाऊ एक खोके घेऊन आला होता. त्यात कुलूप होते. पण कितीही उलटेसुलटे करून पाहिले तरी त्याला किल्लीचे भोक दिसेना. काळे, गुळगुळीत, वर दहा आकडे आणि खाली अंगठा टेकवायला एक काचेची चकती. "दादा, किल्लीची कटकट गेली बघ आता," असे म्हणत त्याने सुताराला बोलावून दार कोरून घेतले. संध्याकाळी पणत्या लागल्या तेव्हा आमच्या जुन्या सागवानी दारावर एक हिरवा दिवाही लुकलुकत होता.

तोवर आमची व्यवस्था साधी होती. कडी, कोयंडा आणि पितळी कुलूप. किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात, पणतीच्या मागे. ती तिथे असते हे आमच्या घरातल्या सर्वांना ठाऊक होते, आणि आळीतल्याही सर्वांना ठाऊक होते. शेजारणीला विरजण लागले की ती स्वतःच दार उघडून घेऊन जाई आणि कुलूप लावून किल्ली पणतीमागे ठेवी. परंतु आमचे टाकवे बुद्रुक आता पूर्वीचे राहिले नाही. कान्ह्याच्या स्टेशनावरून आत येणाऱ्या रस्त्याने कारखाने आले, शहरवाल्यांचे बंगले आले, अनोळखी माणसांची ये-जा वाढली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्याच आळीत एका घराचा कोयंडा भरदिवसा उपटला गेला. त्यामुळे भावाच्या खोक्याला मी नाही म्हटले नाही.

आम्हा सर्वांचे अंगठे त्या कुलपाने एकेका दमात ओळखले. आईचा मात्र ओळखेना. पाच वेळा टेकवला, पाचही वेळा तांबडा दिवा. सत्तरी ओलांडलेली माझी आई. उभा जन्म भात लावण्यात, शेणाने सारवण्यात आणि राखेने भांडी घासण्यात गेला. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा उठत नाही, तिथला माणूस दर महिन्याला तिला दहाही बोटे टेकवायला लावतो. शेवटी आम्ही तिला चार आकडे पाठ करून दिले. ते ती दाबी, पण मोठ्याने म्हणत म्हणत, आमची पहिलीतली मुले पाढे म्हणतात तशी. तुळशीचे लग्न लागेपर्यंत ते आकडे साऱ्या आळीला पाठ झाले. विरजण पुन्हा पूर्वीसारखे जाऊ लागले.

यंदाच्या आषाढात एके दिवशी मात्र ते कुलूप मुकेच झाले. आकडे उजळेनात, दिवा लागेना. आई शेतावरून भिजून आली आणि डोक्यावर पोते घेऊन दोन तास ओट्यावर बसून राहिली. शाळा सुटल्यावर मी घरी आलो, भावाला फोन केला, तेव्हा कळले की आतले सेल संपले आहेत. त्याने असेही सांगितले की अशा प्रसंगासाठी कुलपाच्या खालच्या अंगाला, झाकणाआड, एक भोक असते आणि त्याला एक किल्लीही असते. ती किल्ली घरात, कपाटात होती. शेवटी मागच्या परसदाराची फळी काढून मी आत शिरलो. आई एवढेच म्हणाली, "आरं, ज्या घराला मी सारवलं, त्ये घर मलाच इचारतंय, तू कोन म्हनून?"

वाचकहो, मी शिकलो मॅट्रिकपर्यंत. कादंबऱ्या लिहितो, मुलांना शिकवतो. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण आईच्या त्या प्रश्नाने मला कुलपांच्या मागे लावले, आणि मागे जाता जाता मी आमच्याच मावळात येऊन पोचलो.

दरवर्षी मी मुलांना भाजे आणि लोहगड दाखवायला नेतो. मळवलीला उतरले की दोन्ही एका दिवसात होतात. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तिथल्या भिक्षूंच्या दगडी खोल्या पाहताना चौकटीकडे नीट लक्ष द्या. लाकडी दार केव्हाच मातीला मिळाले, पण त्याची खुंटी जिच्यात फिरे ती खोबण अजून शाबूत आहे. दगडी बाकावर निजणाऱ्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या माणसालाही दाराची गरज वाटत होती तर! वाऱ्यापावसासाठी म्हणा, जनावरासाठी म्हणा, किंवा नुसते एकटे बसता यावे म्हणून म्हणा.

तिथून वर लोहगडावर गेले की गणेश, नारायण, हनुमान असे करीत करीत महादरवाजा येतो. एकदा एका गडाच्या दरवाजाआड, भिंतीतली चौकोनी खोल भोके मुलांना दाखवून मी सांगत होतो की इथे अडसर सरकवीत. चांगला जाडजूड वासा, एका भिंतीतून ओढून दुसऱ्या भिंतीत घालायचा. बाहेरून हत्तीने धडक दिली तरी दार हलत नसे. तेव्हा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, याला बाहेरून कुलूप कसं लावायचं?" मी म्हटले, लावताच येत नाही. तिने लगेच विचारले, "मग शेवटचा माणूस बाहेर कसा जायचा?"

शेवटचा माणूस बाहेर जायचाच नाही. इतकी वर्षे गड पाहूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. अडसराला किल्ली लागत नाही, कारण त्याच्याजवळ माणूस असतो. तो माणूस बाहेरच्याचा आवाज ओळखतो, चेहरा ओळखतो, आणि मग दिंडी उघडतो. आमच्या जुन्या वाड्यांतही हेच होते. आजी, चुलती, कुणीतरी म्हातारे माणूस घरात असेच. आतून आगळ घातलेली, बाहेरून हाक. ती हाक हीच किल्ली.

आणि तो माणूस एकटाही नसे. सभासदाची बखर वाचलेल्यांना ठाऊक आहे की शिवाजीमहाराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी नेमले होते, तेही निरनिराळ्या जातींचे, म्हणजे तिघांनी संगनमत करून गड गनिमाच्या हाती देऊ नये. हल्ली मोबाईलवर बँकेचे पैसे काढताना परवलीचा शब्दही द्यावा लागतो आणि वर मागून आलेले आकडेही द्यावे लागतात. कल्पना तीच. एका फितुरीने दार उघडू नये.

तरीही गड गेलेच. पण दार मोडून क्वचित. हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे मिटले, पहारेकऱ्याने नियम मोडला नाही, आणि बाळाच्या ओढीने गवळण अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि त्या कड्यावर बुरूज बांधला असे सांगतात. कौतुकाची गोष्ट सगळे सांगतात, बुरुजाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १६७० साली कोंढाणा घेतला तोही दोर लावून, कड्यावरून. १८१८ साली इंग्रजांनी आधी शेजारचा उंच विसापूर घेतला, आणि लोहगडाची शिबंदी लढाई न करताच निघून गेली. आमच्या घरीही, आता आठवून पाहा, मी परसदाराची फळी काढूनच आत शिरलो. पुढच्या दाराला हजारोंचे कुलूप आणि मागच्या दाराला फळी!

बाहेरून लावायच्या कुलपाची गरज घर रिकामे पडू लागले तेव्हा वाढली. कुलूप जुनेच, प्राचीन इजिप्तमध्येही लाकडी कुलपे होती. पण आपल्याकडे साध्या माणसाच्या दारावर ते आले ते गिरण्यांच्या आणि चाळींच्या काळात. नवरा पाळीला, बायको कामाला, शेजारी परगावचा. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि लाखो माणसे राहती घरे बंद करून गावी पळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९७ साली, लालबागेत अर्देशीर गोदरेज या पारशी तरुणाने कुलपांचा धंदा सुरू केला. हा गृहस्थ वकिली शिकलेला. ती सत्याच्या आग्रहापायी सोडली. मग शस्त्रक्रियेची हत्यारे करू लागला. मालावर हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का असावा असा याचा हट्ट आणि गिऱ्हाइकाची त्याला ना, म्हणून तोही धंदा बुडाला. मुंबईत घरफोड्या होत असल्याच्या बातम्या वाचून तो कुलपांकडे वळला. कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात, एकही पट्टी चुकली तर खिटी सरकत नाही. स्प्रिंग थकते, मोडते, हे पाहून त्याने पुढे स्प्रिंग नसलेले कुलूपही काढले. आमच्या कोनाड्यातले पितळी कुलूप त्याच वळणाचे होते. चाळीस वर्षांत त्याला वर्षाकाठी दोन थेंब तेलापलीकडे काही लागले नाही.

परंतु लोखंडपितळेचे कुलूप म्हणजे अभेद्य, असेही कुणी समजू नये. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या पेढीने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून, उघडील त्याला दोनशे गिनी, अशी पाटी लावली होती. साठ वर्षे ते कुणाला उघडले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडले. चब नावाच्या कंपनीचे कुलूप तर त्याने पंचवीसेक मिनिटांतच उघडले. आणि ते कुलूप असे की कुणी भलतीसलती किल्ली घातली तर अडकून बसायचे आणि मालकाला त्याची खबर द्यायचे! लोक हॉब्जवर रागावले, चोरांना शिकवतो म्हणाले. त्याचे म्हणणे असे की चोरांना हे आधीच ठाऊक असते, ठाऊक नसते ते मालकाला. माझे मत हॉब्जच्या बाजूने आहे.

आता या बिनकिल्लीच्या कुलपाचे. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात, म्हणून ते पक्के, असे भाऊ म्हणाला. मी गणिताच्या तासाला फळ्यावर मांडून पाहिले. रोज तीच चार बटणे दाबली की त्यांच्यावर बोटांचा मळ दिसू लागतो. चार आकडे कोणते ते कळले की उरतात फक्त चोवीस प्रकार. घरमालकाने आपले जन्मसाल ठेवले असेल तर तेवढेही नाहीत. अंगठ्याचे म्हणाल, तर २००२ साली जपानमध्ये मात्सुमोतो नावाच्या संशोधकाने जिलेटिनची, म्हणजे आपल्या जेलीच्या जातीच्या पदार्थाची, नकली बोटे करून अकरा यंत्रे फसवली होती. तेव्हापासून यंत्रे सुधारली, पण अंगठा चोरीला गेला तर किल्लीसारखा बदलता येत नाही हे राहतेच. २०१२ साली कोडी ब्रोशस नावाच्या अमेरिकन तरुणाने लाखो हॉटेलखोल्यांवर असलेले कार्डाचे कुलूप स्वस्तातल्या सुट्या भागांचे यंत्र जोडून सर्वांसमक्ष उघडून दाखवले. आणि २०१७ साली तिकडच्याच एका कंपनीने आपल्या कुलपांना दुरूनच काही सुधारणा पाठवली, तर सुमारे पाचशे घरांची कुलपे निकामी झाली. चोर नाही, फितूर नाही, कारखानदाराने चांगल्या हेतूने पाठवलेली सुधारणा!

आपल्याकडे बिनकुलपाचे गाव म्हणून शनिशिंगणापूर प्रसिद्ध आहे. नेवासे तालुक्यातले. घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत; रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. शनिदेव राखतो ही श्रद्धा. तिथे २०११ च्या जानेवारीत यूको बँकेने शाखा उघडली. पैशांची पेढी आणि दाराला कुलूप नाही, म्हणून देशभर बातमी झाली. दार काचेचे, पारदर्शक. पण त्या दाराला वरून सहसा न दिसणारे, दुरून चालवायचे विजेच्या चुंबकाचे कुलूप होते. मला यात लबाडी दिसत नाही. गावाच्या श्रद्धेलाही धक्का नको आणि ठेवीदारालाही घोर नको. त्याआधी २०१० साली तिथे एका यात्रेकरूच्या गाडीतून चोरी झाल्याची तक्रार झाली होती, आणि २०१५ साली तिथे पोलीस ठाणेही आले.

मग आमच्या दाराचे काय केले? कुलूप काढून टाकावे असे मी म्हणत होतो, पण आळीतला तो उपटलेला कोयंडा डोळ्यांपुढून जाईना. दुपारी घरात कुणी नसते हे खरेच आहे. शेवटी सेल दर दसऱ्याला आणि दर अक्षय्य तृतीयेला बदलायचे ठरले. झाकणाआडची किल्ली समोरच्या घरी ठेवली आहे, कारण त्या घरात दिवसभर माणूस असते. आकडे बदलले, आणि आईला मनातल्या मनात म्हणायला शिकवले, ते तिला अजून साधलेले नाही. परसदाराच्या फळीला आतून अडसर केला आहे.

आणि कालच, नवरात्रापासून बरेच दिवस हात पाण्यात न गेल्यामुळे असेल, मी सहज म्हणून आईचा अंगठा पुन्हा टेकवून पाहिला. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. मुलांनी टाळ्या पिटल्या. आईने अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, "वळखलं म्हना एकदाचं. पर भात कापायचं हाय अजून."